पाच मिनिटांचा जोर

शेअरचा भाव चढतो आहे की उतरतो आहे, हे चार्टवर नुसत्या नजरेने कळते. तो किती वेगाने चढतो आहे आणि तो वेग टिकून आहे की ओसरू लागला आहे, हे मोजण्याच्या गणिती साधनांना मोमेंटम इंडिकेटर म्हणतात. आरएसआय, एमएसीडी, स्टोकॅस्टिक, रेट ऑफ चेंज ही त्यांतली रोजच्या वापरातली नावे. सर्वांच्या मुळाशी एकच हिशेब असतो: आताच्या भावाची आधीच्या भावांशी तुलना. दहा कॅन्डलपूर्वी, म्हणजे चार्टवरच्या दहा ठरावीक कालखंडांपूर्वी, ५०० रुपयांना असलेला शेअर आता ५१० वर असेल, तर रेट ऑफ चेंज दोन टक्के. भाव वर जात असतानाच हा आकडा दोनवरून दीडवर आणि दीडवरून एकवर येऊ लागला, तर तेजी चालू असली तरी तिचा जोर कमी होतो आहे, असा त्याचा अर्थ.

या साधनांत झालेल्या भावाखेरीज दुसरी कोणतीही माहिती शिरत नाही. कंपनीचा नफा, सरकारचा निर्णय, एखाद्या मोठ्या फंडाची उद्याची विक्री यांतले काही त्यांना ठाऊक नसते. ती भूतकाळाचे सार सांगतात. त्या सारावरून पुढच्या दहा मिनिटांचा अंदाज बांधता येतो का, आणि बांधता आला तरी त्यातून पैसे सुटतात का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अल्पकालीन सौद्यांत बहुतेकांचे नुकसान होते ते दुसऱ्या प्रश्नाकडे पाहिलेच जात नाही म्हणून.

यांतली प्रमुख साधने मिनिटांच्या चार्टसाठी जन्माला आलेली नाहीत. आरएसआय, म्हणजे रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स, हे जे. वेल्स वाइल्डर या अमेरिकी लेखकाचे काम. तो मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एकाच पुस्तकात आरएसआय, एडीएक्स, पॅराबोलिक एसएआर आणि अ‍ॅव्हरेज ट्रू रेंज ही चार साधने पहिल्यांदा आली. जॉर्ज लेन याचे स्टोकॅस्टिक १९५०च्या दशकातले, जेराल्ड अपेल याचे एमएसीडी १९७०च्या दशकाच्या अखेरीचे. ही मंडळी दिवसाचा बंद भाव घेऊन संध्याकाळी आकडेमोड करत. १४ दिवसांचा आरएसआय म्हणजे जवळजवळ तीन आठवड्यांच्या कामकाजाचा सारांश होता.

त्या काळी मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर सौदे रिंगमध्ये, हाताच्या खुणांनी आणि ओरडून होत. सामान्य गुंतवणूकदाराला भाव कळत ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात. दिवसाच्या आत घेऊन दिवसाच्या आत विकणारे तेव्हाही होते. त्यांना तारावणीवाले म्हणत. ते रिंगमध्ये उभे राहून खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव पुकारत आणि त्या दोहोंतला फरक हीच त्यांची कमाई असे. समोरून कोणता दलाल किती माल घेऊन येतो आहे, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसे. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकाच्या पडद्यावर समभागांचे सौदे सुरू केले, १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराची बोल्ट यंत्रणा आली आणि रिंग ओस पडली. मिनिटामिनिटाचा चार्ट आज कोणालाही फोनवर मिळतो. मात्र तारावणीवाल्याला जो फरक मिळत असे, तो फरक फोनवरून बाजारभावाने सौदा करणारा आता देत असतो. अल्पकालीन व्यवसायाची बाजूच उलटली, आणि कोणताही इंडिकेटर ती पुन्हा पालटून देत नाही.

आरएसआयचे गणित जवळून पाहण्यासारखे आहे, कारण बहुतेक वापरणाऱ्यांनी ते कधी हाताने केलेले नसते. पाच मिनिटांच्या चार्टवर गेल्या १४ बदलांत शेअर जितके रुपये वाढला त्यांची बेरीज ८.४० आणि जितके पडला त्यांची बेरीज ३.६० आहे, असे धरू. एकूण हालचाल १२ रुपयांची, त्यात वाढीचा वाटा ८.४०, म्हणजे ७० टक्के. आरएसआय ७०. आरएसआय म्हणजे एकूण हालचालीतला चढाचा शेकडा वाटा, आणखी काही नाही. पुढच्या कॅन्डलपासून वाइल्डरच्या रीतीने सरासरी सरकवली जाते: जुन्या सरासरीला १३ ने गुणायचे, नवा बदल मिळवायचा आणि १४ ने भागायचे. पुढच्या पाच मिनिटांत शेअर एक रुपया चढला तर आरएसआय ७२.५ होतो; एक रुपया पडला तर ६४.२. आता कोणी लवकर इशारा मिळावा म्हणून १४ ऐवजी ५ हा काळ घेतला, तर त्याच सरासऱ्यांवर तोच एक रुपया आरएसआयला ७६.८ वर नेतो किंवा ५४.२ वर आणतो. काळ कमी केला की साधन चपळ होते, आणि साध्या चढउतारांवरही उड्या मारू लागते. चपळपणा आणि विश्वासार्हता यांतली ही ओढाताण कोणत्याही सेटिंगने मिटत नाही.

एमएसीडीत १२ आणि २६ कॅन्डलच्या दोन सरासऱ्यांतला फरक घेतात आणि त्या फरकाची ९ कॅन्डलची सरासरी ही सिग्नलची रेघ धरतात. रेघ कापली गेली की खरेदी वा विक्री. सरासरीचीही सरासरी असल्याने हा इशारा नेहमी उशिरा येतो. स्टोकॅस्टिक उलट फार उतावळे: ठरावीक काळातल्या उच्चांक-नीचांकाच्या पट्ट्यात आताचा बंद भाव कुठे आहे, एवढेच ते सांगते. अनेक जण ही तिन्ही साधने एकाखाली एक लावतात आणि तिन्ही जुळली की खात्री धरतात. तिघांनाही तेच भाव पुरवलेले असल्याने त्यांचे एकमत हा तीन साक्षीदारांचा पुरावा ठरत नाही.

दिवसाच्या आतल्या वापरात आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे फार थोड्या पुस्तकांत लक्ष दिलेले असते. आपला बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटे चालतो. पाच मिनिटांच्या ७५ कॅन्डल होतात. १४ कॅन्डल म्हणजे ७० मिनिटे. सकाळी निदान १०:२५ पर्यंत पडद्यावरचा आरएसआय काल दुपारच्या आणि आज सकाळच्या भावांची मिसळ असतो, आणि त्या मिसळीत रात्रभराची फट एका कॅन्डलचा बदल म्हणून धरली जाते. काल अखेरीस भाव स्थिर होता, चढाची व उताराची सरासरी प्रत्येकी ३० पैसे, आरएसआय ५०. आज सकाळी शेअर सहा रुपये वर उघडला. पहिल्याच कॅन्डलला आरएसआय ७१.७ दाखवतो. आज अजून कोणी जोराने खरेदी केलेली नाही, तरी साधन ‘ओव्हरबॉट’, म्हणजे जास्त खरेदी झालेला, म्हणते. पुढच्या १४ कॅन्डलनंतरही त्या फटीचे एकतृतीयांशाहून अधिक वजन सरासरीत शिल्लक राहते. एमएसीडीचा २६चा काळ तर १३० मिनिटांचा. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुंबई शेअर बाजारात १९५७ पासून होणारे मुहूर्ताचे सौदे साधारण तासभर चालतात. पाच मिनिटांच्या बारा कॅन्डलमध्ये चौदाचा आरएसआय त्या दिवसाच्या भावांवर उभाच राहू शकत नाही. त्या तासात शकुन म्हणून चार शेअर घेण्याची रीत उत्तम आहे. चार्ट वाचायला तो तास नाही.

आता इशाऱ्याच्या अर्थाकडे. आरएसआय ७० च्या वर गेला की दोन उलट सल्ले मिळतात. एक म्हणतो, भाव फार ताणला गेला, विका. दुसरा म्हणतो, जोर आहे, घ्या. दोन्ही आपापल्या दिवशी बरोबर असतात. बाजार एका पट्ट्यात वरखाली करत असेल तर पहिला चालतो; एका दिशेने निघाला असेल तर दुसरा. ४ जून २०२४ हा लोकसभा निकालाचा दिवस घ्यावा. आदल्या दिवशी मतदानोत्तर चाचण्यांवर बाजार उसळला होता. निकालाच्या दिवशी सेन्सेक्स सुमारे ४,३९० अंशांनी, म्हणजे ५.७ टक्क्यांहून अधिक, खाली बंद झाला. सकाळी सुरू झालेली पडझड दुपारपर्यंत थांबली नाही. अशा दिवशी आरएसआय ३० च्या खाली गेला म्हणून ‘स्वस्त’ समजून घेणारा प्रत्येक नव्या खरेदीत अधिक अडकत जातो.

म्हणून जाणते ट्रेडर आधी दिवसाचा स्वभाव ओळखू पाहतात. वाइल्डरचाच एडीएक्स त्यासाठी वापरतात: तो साधारण २५ च्या वर असेल तर भावाला दिशा आहे असे धरतात. भाव दिवसाच्या व्हीडब्ल्यूएपीच्या, म्हणजे उलाढालीच्या वजनाने काढलेल्या सरासरीच्या, वर आहे की खाली हे पाहतात. सौदा पाच मिनिटांच्या चार्टवर करायचा, पण दिशा तासाच्या चार्टवरून घ्यायची, हीही प्रचलित पद्धत. व्हीडब्ल्यूएपीत उलाढालीचा आकडा येतो, म्हणजे भावाबाहेरची थोडी तरी माहिती. त्यामुळे या जोडीला आरएसआय-स्टोकॅस्टिकसारख्या दोन ऑसिलेटरांच्या जोडीपेक्षा अर्थ आहे. भाव नवा उच्चांक करतो आणि आरएसआय करत नाही, या डायव्हर्जन्सचे बरेच कौतुक होते. मागे वळून चार्टवर ते सुंदर दिसते. चालत्या बाजारात मात्र एकामागून एक तीन डायव्हर्जन्स होऊनही भाव चढत राहतो, आणि तिसरे शेवटचे होते हे उशिरा कळते.

इथे खर्चाचा हिशेब मांडणे भाग आहे. ५०० रुपयांचे २०० शेअर घेतले आणि त्याच दिवशी विकले: लाखाची खरेदी, साधारण लाखाची विक्री. सवलतीच्या दलालाकडे दर ऑर्डरला २० रुपये, म्हणजे ४०. विक्रीवर ०.०२५ टक्के रोखे व्यवहार कर, २५ रुपये. खरेदीवर ०.००३ टक्के मुद्रांक शुल्क, ३ रुपये. बाजाराचे शुल्क सुमारे सहा रुपये, बाजार नियामक सेबीचे काही पैसे, दलाली आणि शुल्कांवर १८ टक्के जीएसटी आठ रुपये. बेरीज सुमारे ८२. खरेदी-विक्रीच्या भावातल्या अंतरापायी प्रत्येक बाजूला पाच पैसे गेले तर आणखी २०. एका फेरीला १०२ रुपये, शेअरमागे ५१ पैसे.

समजा पद्धत अशी आहे: दीड रुपया नफ्याचे टार्गेट, एक रुपया तोट्यावर बाहेर पडण्याचा स्टॉपलॉस. खर्च नसता तर शंभरातले ४० सौदे बरोबर आले तरी बरोबरी साधली असती. खर्च धरल्यावर जिंकलेल्या सौद्यात ३०० ऐवजी १९८ रुपये हाती येतात आणि हरलेल्यात २०० ऐवजी ३०२ जातात. बरोबरीसाठी आता शंभरातले ६० हून अधिक सौदे बरोबर यावे लागतात. ४० आणि ६० यांतली ही दरी आरएसआयच्या सेटिंगमध्ये फेरफार करून भरून निघत नाही. टार्गेट जितके लहान, तितका खर्चाचा वाटा मोठा. मिनिटाच्या चार्टवर हे गणित आणखी बिघडते.

उधारीने खर्चाचे हे ओझे कसे वाढते तेही पाहावे. सप्टेंबर २०२१ पासून पीक मार्जिनचे नियम पूर्णपणे लागू झाल्यावर इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी मिटणाऱ्या, सौद्यासाठी किमान २० टक्के रक्कम ठेवावी लागते, म्हणजे पाचपटीहून जास्त उधारी मिळत नाही. वीस हजार ठेवून वरचा लाखाचा सौदा होतो. दिवसाला पाच सौदे, महिन्याला वीस दिवस: शंभर फेऱ्या, १०,२०० रुपये खर्च. भाव कुठेही न जाता निम्मे भांडवल संपते.

हे भांडवल दुसऱ्या धंद्यातून आलेले असेल तर काय, हे एका गावावरून पाहू. रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातले हमरापूर गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. हमरापूर-जोहे परिसरातल्या मूर्ती मुंबई-पुण्याला आणि परदेशीही जातात. या धंद्यात पैशाची चाल ठरलेली असते: माती, प्लास्टर, रंग आणि कारागिरांची मजुरी यांवर वर्षभर खर्च, आणि वसुली भाद्रपदाच्या आसपास. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास अशा घरांत रक्कम हाती असते, पण ती पुढच्या हंगामाचे खेळते भांडवल असते. पेण अर्बन बँक २०१० मध्ये कोसळली तेव्हा ठेवी अडकण्याचा अनुभव या तालुक्याने घेतला आहे. इंट्राडेत पैसे अडकत नाहीत, ते सरळ जातात. अशा हंगामी धंद्यातल्या माणसाने ट्रेडिंगसाठी काढायची रक्कम कारखान्याच्या खात्याबाहेरची आणि पूर्ण गेली तरी एकाही कारागिराची मजुरी न थांबणारी असावी.

हमरापुरातल्या फोनचा सामना कोणाशी आहे, हेही जाणले पाहिजे. मोठ्या संस्थांची यंत्रे शेअर बाजाराच्या संगणकांशेजारी, को-लोकेशनच्या जागेत बसवलेली असतात आणि सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात सौदे करतात. पाच मिनिटांची कॅन्डल पूर्ण होऊन आरएसआयचा आकडा फोनवर उमटेपर्यंत त्या भावांवर त्यांचे काम झालेले असते. वायदा-ऑप्शन बाजाराबाबत सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार २०२३-२४ मध्ये परदेशी संस्थांच्या नफ्यातला ९७ टक्के आणि दलालांच्या स्वतःच्या खात्यांतला ९६ टक्के नफा अल्गोरिदमच्या सौद्यांतून आला होता.

सेबीचा जुलै २०२४ चा इंट्राडेवरचा अभ्यास अधिक नेमका आहे. २०२२-२३ मध्ये रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात गेल्या. वर्षात ५०० हून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होते. तोट्यातल्या मंडळींनी तोट्याच्या वर आणखी त्याच्या ५७ टक्के रक्कम खर्चापोटी दिली. इंट्राडे करणाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये १८ टक्के होता, तो ४८ वर गेला, आणि त्यांच्यात तोट्याचे प्रमाण ७६ टक्के. सरावाने हात बसतो, ही समजूत इथे टिकत नाही: जास्त सौदे करणारे जास्त बुडाले. तैवानमधल्या पंधरा वर्षांच्या नोंदींवर बार्बर, ली, लिउ आणि ओडीन यांनी केलेल्या अभ्यासात सातत्याने नफा काढू शकणारे डे-ट्रेडर एक टक्क्याहून कमी निघाले. ब्राझीलमध्ये तीनशेहून अधिक दिवस टिकलेल्यांपैकी ९७ टक्के तोट्यात होते.

यावरून मोमेंटम ही कल्पनाच खोटी, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. नरसिंहन जगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९९३ मध्ये दाखवले की गेल्या तीन ते बारा महिन्यांत पुढे असलेले अमेरिकी शेअर पुढचे काही महिने सरासरीने पुढे राहतात. ही सवय पुढे अनेक देशांच्या बाजारांत आढळली. ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेला निफ्टी २०० मोमेंटम ३० हा निर्देशांक त्याच तत्त्वावर चालतो: सहा आणि बारा महिन्यांचा परतावा, चढउताराच्या प्रमाणात जोखलेला, आणि वर्षातून दोनदा फेरबदल. त्याच जगदीश यांनी १९९० मध्ये दाखवले होते की महिनाभराच्या काळात शेअर उलट वळण्याकडे झुकतात. म्हणजे काळ बदलला की जोराचे चिन्हच बदलते. महिन्यांच्या मोमेंटमचा पुरावा दाखवून मिनिटांचा चार्ट विकला जातो, ती फसवी जोड आहे.

ऑप्शनमध्ये आणखी एक ओझे येते. निर्देशांकाच्या चार्टवर आरएसआय पाहून ऑप्शन विकत घेणाऱ्याची दिशा बरोबर आली, तरी वेळेपोटी प्रीमियम रोज झिजतो, आणि एक्स्पायरीच्या, म्हणजे करार संपण्याच्या, दिवशी तासातासाने. सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून प्रत्येक बाजाराला एकाच निर्देशांकावर साप्ताहिक एक्स्पायरी ठेवायला लावली. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची मंगळवारी आणि सेन्सेक्सची गुरुवारी होते. २०२४-२५ मध्ये वायदा-ऑप्शन करणाऱ्या व्यक्तींपैकी ९१ टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकत्रित निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटी रुपयांच्या वर होता.

ज्याला तरीही हे साधन वापरायचे आहे, त्याने आधी नियम कागदावर पूर्ण लिहावा: कोणता शेअर, कोणती कॅन्डल, कोणत्या आकड्याला प्रवेश, कुठे बाहेर, सकाळच्या फटीचे काय. मग जुन्या भावांवर तो खर्चासकट तपासावा. निम्म्या काळावर सेटिंग ठरवून उरलेल्या निम्म्यावर न बदलता चालवावा. दहा सेटिंगमधून सर्वांत छान दिसणारी निवडणे म्हणजे झालेल्या परीक्षेचे उत्तर पाठ करणे. उलाढाल कमी असलेले शेअर टाळावेत, तिथे भावांतले अंतरच टार्गेट खाते. डिलिव्हरी सक्तीची असलेल्या ट्रेड-टू-ट्रेड गटातल्या शेअरमध्ये इंट्राडे होतच नाही. दुपारी तीननंतर बहुतेक दलाल उघडे सौदे आपोआप मिटवतात, त्या गर्दीत नवा सौदा करू नये. कराचेही भान हवे: समभागांतल्या इंट्राडेचा नफा-तोटा सट्टा व्यवसायाचा धरला जातो आणि तो तोटा सट्ट्याच्या नफ्यातूनच वजा होतो, तोही चार वर्षांच्या आत.

शिकण्याची सोय रायगड जिल्ह्यातच आहे. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर हमरापूरच्या उत्तरेला जिते, आपटा आणि मग रसायनी येते; त्या भागात पाताळगंगा येथे सेबीने स्थापन केलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेचा, म्हणजे एनआयएसएमचा, परिसर आहे. त्याचे उद्घाटन डिसेंबर २०१६ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. गुंतवणूक सल्लागार आणि संशोधन विश्लेषक यांच्या परीक्षा हीच संस्था घेते. याच जिल्ह्यात कर्जतमधून चालणाऱ्या एका ट्रेडिंग प्रशिक्षण संस्थेवर सेबीने डिसेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेश काढून ५४६ कोटी रुपये गोठवण्यास सांगितले. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणीविना सल्ला दिल्याचा आरोप त्या आदेशात होता; तो अंतिम निकाल नव्हता. सेबीच्या जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने निव्वळ शिक्षण देणाऱ्याला गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून एखाद्या शेअरविषयी बोलण्यास मनाई केली. चालू चार्टवर आरएसआय दाखवत ‘आता घ्या’ म्हणणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागावा, तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावा, आणि सापडला नाही तर पैसे देऊ नयेत.